भोपाळला न पोचणारा आवाज

१

बुधवारी दुपारी बरोबर दीड वाजता अपर्णाचा आवाज भोपाळला पोचायचा बंद झाला. तिला समोरच्या तिघांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. "मॅडम, आप सुनाई नहीं दे रहीं," असं समितीच्या अध्यक्ष गरिमा मॅडम दोनदा म्हणाल्या, तेही तिने ऐकलं. ती मोठ्याने बोलली, हात हलवले, हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडे तिचं चित्र तोंड अर्धं उघडं असताना गोठलं होतं. मग पडद्यावर ते पांढरं चक्र फिरायला लागलं आणि ती बैठकीतून बाहेर पडली.

असं तिसऱ्यांदा झालं होतं. संध्याकाळी मेल आला. उद्या गुरुवारी अडीच वाजता शेवटची सुनावणी. चौकशी टाळण्यासाठी आपण स्वतःच संपर्क तोडत आहात, असा समितीला संशय आहे. उद्या पुन्हा तसं झालं, तर आपलं म्हणणं न ऐकता निर्णय दिला जाईल.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तो मेल हातात घेऊन अपर्णा माझ्या दारात उभी होती.

"काका, तुम्ही रिटायर झालात, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आता मला दुसरं कोणी सुचत नाही."

मी रमाकांत मुळे. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं नोकरी केली आणि सगळी वर्षं एकच काम केलं, बिघाड शोधण्याचं. शहराच्या लष्कर भागापासून मुरार भागापर्यंत खांबावर चढलो, गटारात उतरलो, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता सिटी सेंटरमधल्या या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटा राहतो आणि वायफाय नावाच्या प्रकाराकडे जरा तुच्छतेनेच बघतो. जी तार डोळ्यांना दिसत नाही तिचा भरवसा कसा धरायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

अपर्णा माझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहते. सतरा वर्षं एका खाजगी संस्थेच्या शाळेत गणित शिकवते आहे. तिच्यावर अकरावीचा पेपर फोडल्याचा आरोप होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. प्रश्नपत्रिकांचं पाकीट तिच्या कपाटात होतं, किल्ली तिच्याकडे होती, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर मुलांच्या मोबाइलवर फिरत होता. संस्थेने तिला निलंबित केलं आणि भोपाळच्या तीन माणसांची समिती नेमली.

"पाकीट माझ्याकडे आलं तेव्हाच त्याचं सील सैल होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी मी ऑफिसला लिहून दिलं. पोच आहे माझ्याकडे. समितीला कागद पाठवलाय, पण त्यांना त्यावर मला प्रश्न विचारायचे आहेत, चेहरा बघून. आणि मी तिथपर्यंत पोचतच नाही, काका. त्या आधीच लाइन जाते."

"मग दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन बस ना."

तिने मान खाली घातली. "दुसरीकडे जायचं म्हणजे सांगावं लागेल. घरातल्या चौघांशिवाय हे कुणालाच माहीत नाही. मी सगळ्यांकडून तसं वचन घेतलंय. आरोप खोटा ठरला तरी लोक आरोपच लक्षात ठेवतात."

ते बरोबरच होतं. मी चष्मा घातला आणि जिना चढायला लागलो. माझ्याकडे साडेचार तास होते.

२

बिघाड शोधताना पहिला प्रश्न विचारायचा, काय चालू आहे. काय बंद आहे ते सगळेच सांगतात.

"तुला त्यांचं ऐकू येत होतं, तिन्ही वेळा?" मी विचारलं.

"हो. एकदम साफ."

"आणि त्यांना तुझं नाही."

"नाही."

म्हणजे घरात येणारा रस्ता मोकळा होता आणि घरातून जाणारा अडला होता. तार तोडली असती तर दोन्ही बंद पडले असते. समितीला एवढं जरी कळलं असतं तरी त्यांनी तो मेल लिहिला नसता. पण समितीत तिघेही शिक्षणवाले. त्यांच्यात खांबावर चढलेला माणूस कुठून असणार.

मी तिच्याकडून वेळा लिहून घेतल्या. मागच्या मंगळवारी सव्वाचारला सुनावणी सुरू, साडेचारला आवाज गेला. शुक्रवारी अकराला सुरू, बाराला गेला. काल बुधवारी एकला सुरू, दीडला गेला. एकदा पंधरा मिनिटांनी, एकदा तासाने, एकदा अर्ध्या तासाने. फुकटच्या बैठकीला वेळेची मर्यादा असते म्हणतात, पण ती असती तर दर वेळी तेवढीच मिनिटं मिळाली असती. लॅपटॉप बदलून झाला होता, राउटर बदलून झाला होता, खोलीही बदलली होती. मोबाइलचं सिग्नल या इमारतीत जेमतेम एक काडी, तेव्हा तोही मार्ग बंद. आणि सुनावणी नसताना दिवसातून दहा वेळा तपासलं, तरी सगळं सुरळीत.

"माझा संशय विक्रमसिंहवर आहे," अपर्णाचा नवरा यशोधन म्हणाला. हा एका विमा कंपनीत आहे आणि सध्या घरूनच काम करतो. "नेट त्याचंच. आणि त्याचा भाचा हिच्याच शाळेत अकरावीला आहे. पेपर त्याच पोरांत फिरला."

विक्रमसिंहचं दुकान खासगी बाजार नावाच्या पेठेत आहे. मी रिक्षाने तिकडे गेलो. त्याच्या पणजोबांनी फौजेत तलवार चालवली आणि हा गल्लोगल्ली इंटरनेट पोचवतो. दुकानात तारांचा गुंता बघून मला जरा बरं वाटलं. आरोपाचं काही न बोलता मी लाइनचं आणि त्याच्या भाच्याच्या परीक्षेचं विचारलं.

"काका, माझ्या साइडने लाइन एकदम क्लियर आहे," तो म्हणाला. "आणि भाच्याचं म्हणाल तर, पेपर मिळाला असता तर पोरगा फेल कशाला झाला असता? गणितात अकरा नंबर आले त्याला. बहिणीने घर डोक्यावर घेतलंय."

"मग ही लाइन तीन वेळा कशी अडली?"

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. पडद्यावर अपर्णाच्या घराचा आलेख होता. "हे बघा. त्यांचा प्लॅन जुना आहे. येणारा स्पीड भरपूर, जाणारा फक्त दोन एमबी. एका माणसाच्या व्हिडिओला पुरतो, दोघांना बिल्कुल नाही. आता ही बुधवारची दुपार. एकपासून एवढं जातंय, मतलब मॅडमची मीटिंग. दीडला बघा, लाइन एकदम वर, फुल. कोणीतरी दुसरं पण पाठवायला लागलं."

"कोणीतरी म्हणजे?"

"ते मला इथून नाही दिसत, काका. पण आहे घरातलंच. पासवर्ड आम्हीच सोमवारी बदलून दिला होता."

मी त्याच्याकडून तो आलेख कागदावर काढून घेतला. बारा वाजून गेले होते. परत येताना फूलबागेपाशी रिक्षा अडकली तेव्हा मी मनातल्या मनात त्या घरातली माणसं मोजली. अपर्णा सोडून तिघं. तिघांनीही वचन दिलं होतं, तिघंही तिन्ही दिवस घरी होती, आणि त्यांतलं एक जण बरोबर तिच्या बोलण्याच्या वेळी तिचा रस्ता अडवत होतं.

३

मी एकेकाला वेगवेगळं गाठलं.

यशोधन स्वयंपाकघरात चहा करत होता. "मी हॉलमध्ये होतो, पेपर वाचत. माझा लॅपटॉप बंद. ती सांगते म्हणून बंदच ठेवतो."

"तुला काय वाटतं, तिने काय करावं?"

त्याने गॅस बारीक केला. "खरं सांगू? राजीनामा द्यावा आणि मोकळं व्हावं. मी दहा वेळा म्हटलं. तिला रात्रभर झोप नाही, काका. जिंकून तरी काय मिळणार आहे?"

त्याच्याकडे कारण होतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

सीमंतिनी, त्यांची मुलगी, सतरा वर्षांची, गॅलरीत बसली होती. "आजोबा, मैंने कुछ नहीं किया," मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "मतलब, फोन बघत होते, खरंय. पण माझ्या सिमवर, इथे गॅलरीत येतं थोडं सिग्नल. आईला मी बंद आहे म्हणून सांगितलं. प्लीज तिला सांगू नका ना."

"काय बघत होतीस?"

तिचे डोळे भरून आले. "शाळेच्या ग्रुपवर आईबद्दल कोणी काही लिहितंय का, ते."

म्हणजे वचन दिलेल्यांपैकी एकीने खोटं सांगितलं होतं, पण तिच्या खोटेपणाने लाइन अडणार नव्हती.

इंदुताई, अपर्णाच्या सासूबाई, त्यांच्या खोलीत होत्या. वय बहात्तर, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. समोर पोथी ठेवायचा लाकडी चौरंग होता आणि त्यावर पोथीऐवजी एक टॅब टेकवलेला होता. शेजारी कानात घालायच्या बोंड्या. भिंतीवर कॅलेंडर उलटं टांगलेलं, महिन्याचं पान भिंतीकडे आणि मागचा मजकूर आपल्याकडे. पाककृती वाचत असतील, असं मला वाटलं.

"हे तुमचं का?" मी टॅबकडे बोट दाखवलं.

"छे, सीमंतिनीचं. मला कुठे येतं त्यातलं काही."

"सुनावणीच्या वेळी तुम्ही काय करता?"

"काय करणार रमाकांतराव, दार लावून देवाचं नाव घेते. तिला आवाज नको ना. आमच्या हातात दुसरं काय आहे." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग मी उठताना हळूच म्हणाल्या, "आजची वेळ काही बरी नाही हो. तीननंतर ठीक होईल."

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं असतं तसं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मीही म्हातारा आहे, तरी मला ते जमलं. सदतीस वर्षांत मी एवढी मोठी चूक क्वचितच केली असेल.

४

अडीच वाजता अपर्णाने दार लावून घेतलं. आतून गरिमा मॅडमचा आवाज आला, "आवाज़ आ रही है?" आणि अपर्णाचा, "जी, आ रही है." आम्ही हॉलमध्ये बसलो. यशोधनचा लॅपटॉप मी माझ्या मांडीवर घेतला होता. सीमंतिनीचा फोन टीपॉयवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एवढी खबरदारी घेतली म्हणजे झालं, असं यशोधनला वाटत होतं. मला मात्र तसं वाटत नव्हतं.

मी खिशातला कागद काढला. मंगळवार साडेचार. शुक्रवार बारा. बुधवार दीड.

सुनावणी कधी सुरू झाली याच्याशी या वेळांचा काही संबंध नव्हता, हे मला सकाळीच कळलं होतं. म्हणजे त्या घड्याळाला बांधलेल्या होत्या. पण घड्याळाला बांधलेली गोष्ट रोज एकाच वेळी होते. नळाचं पाणी येतं, शाळा सुटते, औषध घ्यायचं असतं. ही गोष्ट वाराप्रमाणे वेळ बदलत होती.

"आज गुरुवार," मी पुटपुटलो. "गुरुवारी किती?"

आणि मग इंदुताईंचं वाक्य आठवलं. आजची वेळ बरी नाही, तीननंतर ठीक होईल.

मी उठलो. गुडघ्याची पर्वा न करता जिना उतरून माझ्या घरी गेलो. स्वयंपाकघरात माझंही कॅलेंडर आहे. बायको होती तोवर तीच ते बघायची, मी फक्त दूधवाल्याचे खाडे लिहितो. मी ते खिळ्यावरून काढून उलटं केलं. मागे, अगदी खालच्या कोपऱ्यात, राहुकाळाचा तक्ता होता. मंगळवार तीन ते साडेचार. बुधवार बारा ते दीड. शुक्रवार साडेदहा ते बारा.

गुरुवार दीड ते तीन.

तिन्ही वेळा राहुकाळ संपता क्षणी लाइन अडली होती. या घरात कोणीतरी अशुभ वेळ टळण्याची वाट बघत होतं आणि ती टळल्याबरोबर काहीतरी शुभ सुरू करत होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

जिना चढताना माझा श्वास लागला. हॉलमधून सरळ इंदुताईंच्या दाराशी गेलो आणि ढकललं. आतून कडी होती.

५

"इंदुताई, दार उघडा."

आत कुजबुज थांबली. शेजारच्या खोलीत अपर्णा सीलबद्दल सांगायला लागली होती. मला जोरात ठोठावताही येत नव्हतं.

"मी रमाकांत. तुम्ही तीन वाजता जे सुरू करणार आहात, ते करू नका. त्यानेच अपर्णाचा आवाज जातोय."

कडी निघाली. इंदुताईंच्या कानात एक बोंडी होती, दुसरी लोंबत होती. चौरंगावरच्या टॅबवर चार बायकांचे चेहरे होते आणि पाचवा नुकताच उगवत होता. इंदुताईंचा स्वतःचा कॅमेरा अजून बंद होता, तो तीनलाच उघडायचा होता.

"काय म्हणालात?" त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन टॅब बंद केला. मगच बोललो. "या घरातून बाहेर जायचा रस्ता एकाच माणसापुरता आहे. तुमचं चित्र जायला लागलं की तिचं अडतं. मंगळवारी, शुक्रवारी, काल. तिन्ही वेळा तुम्हीच होतात."

त्या खाटेवर बसल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय अकरा जणी आहेत. माझ्या बहिणी, जावा. इंदूरची प्रांजली, माझी भाची, ती सगळ्यांना जोडून देते. चेहरे दिसले की मन लागतं, म्हणते. सगळ्या सुनावण्या राहुकाळातच लागल्या हो, रमाकांतराव. मी घाबरून गेले. म्हटलं, वेळ टळली रे टळली की लगेच सुरू करायचं, म्हणजे निदान शेवट तरी चांगला होईल."

"मग मघाशी खोटं का सांगितलंत?"

"अकरा जणी म्हटल्यावर सगळं सांगावं लागलं ना त्यांना. मी अपर्णाला वचन दिलं होतं, बाहेर कुणाला कळू देणार नाही म्हणून." त्यांनी माझा हात धरला. "आता बंद केलंय ना. आता होईल ना नीट? तिला नका सांगू."

घड्याळात तीन वाजले. शेजारून अपर्णाचा आवाज येत राहिला. तीन वाजून पाच, तीन वाजून सात. लाइन पक्की होती. हॉलमध्ये यशोधनने डोळे पुसले.

मग गरिमा मॅडमचा आवाज आला, शांत आणि थंड. "एक मिनट. पिछली तीन बार आपका नेटवर्क गया. कल हमने चेतावनी दी, और आज एक बार भी नहीं अटका. इसका हम क्या मतलब निकालें?"

खरं कारण अपर्णाला माहीतच नव्हतं. आम्ही लाइन दुरुस्त केली होती आणि त्या दुरुस्तीनेच तिच्यावरचा संशय पक्का केला होता.

मी इंदुताईंकडे बघितलं. खरं तर मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच कीवही. त्या उठल्या, पदर सारखा केला, टॅब उचलला आणि सुनेच्या खोलीचं दार उघडलं.

मी मागोमाग दारात जाऊन उभा राहिलो. अपर्णाने वळून बघितलं, तिला काही कळेना. इंदुताई तिच्या शेजारी कॅमेऱ्यासमोर वाकल्या.

"नमस्कार. मैं इनकी सास," त्या म्हणाल्या. "तार इसने नहीं निकाली. लाइन मैंने अटकाई, तीनों बार. मुझे मालूम नहीं था." आणि त्यांनी सगळं सांगितलं, राहुकाळ, आवर्तनं, अकरा बायका. वचन मोडल्याचंही सांगितलं, ते मात्र अपर्णाकडे बघून, मराठीत.

समितीतले एक गृहस्थ हसायला लागले. गरिमा मॅडम हसल्या नाहीत. "कोई सबूत है?"

इंदुताईंनी टॅबवरचा ग्रुप उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. प्रांजलीचे तिन्ही दिवसांचे निरोप होते, वेळेसकट. मंगळवारी साडेचारला या, शुक्रवारी बाराला, बुधवारी दीडला. मी पुढे होऊन विक्रमसिंहचा आलेख दाखवला आणि जाणारा रस्ता, येणारा रस्ता समजावून सांगितला. माझं हिंदी चांगलं आहे, पण त्या दिवशी जरा जास्तच चांगलं झालं असावं, कारण कोणी मला अडवलं नाही.

मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं. मग चष्मा काढला. "दर्ज कर लिया. समिति अपना शक वापस लेती है. माताजी, आप जा सकती हैं." त्या अपर्णाकडे वळल्या. "सील के बारे में आप बता रही थीं. शुरू से बताइए, हम सुन रहे हैं."

अपर्णा पन्नास मिनिटं बोलली. पोच दाखवली, प्रश्नांची उत्तरं दिली. पाकीट शाळेत कोणी आणलं त्या माणसाचं नाव सांगितलं आणि समितीने त्याला बोलवायचं ठरवलं. निर्णय पुढच्या आठवड्यात येणार होता. पण तिचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं होतं.

चारनंतर ती बाहेर आली. इंदुताई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, मान खाली. यशोधन मध्ये पडायच्या तयारीत उभा होता. मला निघून जावंसं वाटत होतं, पण पाय निघेना.

"आई, किती जणींना माहीत आहे?" अपर्णाने विचारलं.

"अकरा," इंदुताई म्हणाल्या. "माझ्यामुळे."

"लावा त्यांना."

"अगं, आता कशाला."

"लावा म्हणते ना."

टॅबवर एकेक चेहरा उगवत गेला. इंदूर, उज्जैन, देवास, नागपूर. सगळ्या जणी गंभीर होत्या. अपर्णाने टॅब स्वतःच्या हातात घेतला.

"नमस्कार. मी अपर्णा," ती म्हणाली. "पेपर फोडल्याचा आरोप माझ्यावर आहे. मी फोडलेला नाही. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी मला विचारा, आईंना विचारू नका."

मग उज्जैनच्या सगळ्यात मोठ्या मावशी पडद्याच्या अगदी जवळ आल्या, इतक्या की फक्त त्यांचं कपाळ आणि चष्मा दिसत होता.

"ते राहू दे गं," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लंस का?"

अपर्णाने नाही म्हणून मान हलवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडली.